लठ्ठ बाईच्या छातीचे ठोके ऐकू येईनात, अन् जन्माला आला स्टेथोस्कोप! डॉ. लाएनेक यांची कहाणी

प्राथमिक आरोग्य केंद्रात सकाळी ओपीडीची रांग लागलेली असते. डॉक्टर गळ्यातली नळी काढतात, दोन टोकं कानात घालतात आणि गोल चकती पेशंटच्या छातीला लावतात. कुणी त्याला नळी म्हणतं, कुणी टेथस्कोप, तर लहान पोरं म्हणतात छातीचा फोन. बारीक अंगाच्या माणसाची तपासणी पटकन उरकते. पण अंगाने भरलेला माणूस स्टुलावर बसला की डॉक्टर जरा थांबतात. चकती जोरात दाबतात, जागा बदलतात, पुढे वाकायला सांगतात, श्वास सोडून थांबायला सांगतात. बाहेर गलका असेल तर शिपायाला दार लावून घ्यायला लावतात.

पेशंटला वाटतं, आपल्याला काहीतरी मोठं निघालं. बहुतेक वेळा तसं काही नसतं. छातीवर चरबीचा थर असला की हृदयाचे ठोके बाहेर नीट ऐकू येत नाहीत, एवढंच.

गंमत अशी, की हीच अडचण दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये एका डॉक्टरसमोर आली होती आणि तिच्यातूनच हे यंत्र जन्माला आलं. त्या डॉक्टरांचं नाव रेने लाएनेक. अंगाने अगदी काटकुळे, उंची बेताची, तब्येत कायम नाजूक. आणि ज्या पेशंटमुळे त्यांचं नाव जगभर झालं, ती बाई मात्र चांगलीच लठ्ठ होती.

आईविना पोर, चुलत्याच्या घरी

रेने यांचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ चा. गाव कॅंपेर. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला समुद्रात घुसलेला ब्रिटनी नावाचा मुलूख आहे, तिथलं हे गाव. तिथल्या शेतकरी, कोळी माणसांची बोली फ्रेंचपेक्षा अगदी वेगळी, ब्रेटन नावाची. पॅरिसची मंडळी या लोकांना गावंढळ समजत.

रेने पाच वर्षांचा असताना आई वारली, बहुतेक क्षयानेच. वडील वकील होते. कविता करायचे, बोलायला गोड, पण पैसा हातात टिकत नव्हता आणि लेकरं सांभाळणं त्यांना जमणारं नव्हतं. त्यांनी पोरांना नातेवाइकांकडे धाडून दिलं. काही दिवस रेने आणि त्याचा भाऊ धर्मगुरू असलेल्या एका नातेवाइकाकडे राहिले. मग १७८८ मध्ये दोघे नांत शहरात चुलत्याकडे गेले. चुलते गियोम लाएनेक हे नावाजलेले डॉक्टर होते. त्यांनी पुतण्यांना पोटच्या पोरांसारखं वाढवलं. रेने पुढे जे काही झाला, त्याचं अर्धं श्रेय या चुलत्याला द्यायला हवं.

दुसऱ्याच वर्षी, १७८९ मध्ये, फ्रान्समध्ये क्रांती झाली. राजा गेला, जुनी व्यवस्था गेली, आणि मागोमाग रक्तपात सुरू झाला. नांत शहरात तर कहर झाला. चुलत्याचं घर ज्या चौकात होतं, त्याच चौकात माणसांची मुंडकी उडवणारं गिलोटिन उभं होतं. बारा-तेरा वर्षांच्या वयात रेनेने खिडकीबाहेर काय काय पाहिलं असेल, याची कल्पनाच केलेली बरी. चुलत्यांनाही काही काळ तुरुंगात बसावं लागलं.

अशा काळात चौदाव्या वर्षी हा पोरगा चुलत्याबरोबर इस्पितळात जाऊ लागला. जखमा बांधायच्या, आजाऱ्यांजवळ बसायचं, शवविच्छेदनाला उभं राहायचं. वडिलांना हे पसंत नव्हतं. त्यांच्या नादाने मध्ये काही काळ वैद्यकी सुटलीही. तेव्हा रेने रानावनात भटकायचा, ग्रीक शिकायचा, कविता करायचा, बासरी वाजवायचा. बासरी त्याला चांगली येत होती. त्याच्या कानाला आवाजातला बारीक फरक कळायचा, हे पुढे किती कामाला येणार आहे याची तेव्हा कुणाला जाण असणार?

पॅरिस, आणि कलिंगड वाजवायची विद्या

१८०१ मध्ये रेने पॅरिसला वैद्यकीय कॉलेजात दाखल झाला. खिशात फार पैसे नव्हते. पण अभ्यासात पोरगा तेज. १८०३ मध्ये वैद्यकशास्त्राचं पहिलं बक्षीस त्यानेच पटकावलं. तेविसाव्या वर्षी पदवी हातात आली.

पॅरिसमध्ये त्याला गुरू भेटले ते कोर्व्हिसार. हे पुढे सम्राट नेपोलियनचे खासगी डॉक्टर झाले. हृदयरोगात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि त्यांच्याकडे एक वेगळीच विद्या होती. ते पेशंटच्या छातीवर बोटांनी टकटक वाजवून आत काय आहे ते ओळखायचे.

ही विद्या मुळात ऑस्ट्रियातल्या आउएनब्रुगर नावाच्या डॉक्टरची. त्याचे वडील खाणावळवाले. दारूचं पिंप कुठवर भरलंय ते बाहेरून वाजवून ओळखता येतं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. आपल्याकडे बाजारात कलिंगड घेताना माणूस आधी त्यावर टिचकी मारून बघतो, पाण्याची टाकी किती रिकामी झाली ते बाहेरून ठोकून बघतो, तोच प्रकार. फुप्फुसात हवा असेल तर छाती पोकळ वाजते, पाणी झालं असेल तर बद्द वाजते. आउएनब्रुगरने १७६१ मध्ये हे छापून काढलं, पण कुणी लक्ष दिलं नाही. जवळजवळ पन्नास वर्षांनी, १८०८ मध्ये, कोर्व्हिसार यांनी त्या पुस्तकाचं फ्रेंच भाषांतर केलं, तेव्हा कुठे लोकांना त्याची किंमत कळली.

लाएनेक ही विद्या शिकले. पण तिची मर्यादाही त्यांच्या लक्षात आली. हाडकुळ्या छातीवर टकटक छान कळते. छातीवर मांस-चरबीचा जाड थर असला, की काहीही वाजवा, आवाज बद्दच येतो.

दुसरा उपाय होता तो फार जुना. पेशंटच्या छातीला थेट कान लावायचा. ग्रीक वैद्यांच्या काळापासून हे माहीत होतं. लाएनेक यांचा जवळचा मित्र बेल हा डॉक्टरही तसं करायचा. पण यात अडचणी शंभर. इस्पितळात येणारी माणसं गरिबातली गरीब. अंगाला घाण, कपड्यात उवा. डॉक्टरला नको व्हायचं आणि पेशंटलाही. बाईमाणसाच्या छातीला परक्या पुरुषाने कान लावायचा, हे तर कुणालाच रुचणारं नव्हतं. शिवाय बाईची छाती भरलेली असली, तर कान लावून उपयोगही होत नसे. लाएनेक यांनी या साऱ्या अडचणी पुढे आपल्या पुस्तकात मोकळेपणाने लिहून ठेवल्या आहेत.

इकडे घरात आणि मित्रांत क्षयाने माणसं जात होती. १८१० मध्ये सख्खा भाऊ गेला, ज्याच्याबरोबर तो लहानपणी दारोदार राहिला होता तोच. १८१६ मध्ये बेलही क्षयानेच गेला. त्या काळी क्षय म्हणजे मरण. जंतू कुणाला माहीत नव्हता. तो जर्मनीच्या रॉबर्ट कॉख यांनी शोधला १८८२ मध्ये. औषध तर त्याहूनही किती तरी नंतर आलं.

मधल्या काळातली एक गोष्ट सांगायलाच हवी. १८१४ मध्ये नेपोलियनचं सैन्य हरत होतं आणि पॅरिसची इस्पितळं जखमी शिपायांनी भरून वाहत होती. त्यात ब्रिटनीची तरणी पोरं बरीच होती. त्यांना फ्रेंच येत नव्हती, आजार सांगता येत नव्हता, भोवती कुणी आपलं नव्हतं. लाएनेक यांनी या पोरांना एकत्र आणवलं आणि त्यांच्याच बोलीत बोलून उपचार केले. ज्याला गावाकडून मोठ्या शहरातल्या दवाखान्यात जावं लागलंय आणि तिथली भाषा कळत नाही म्हणून खाली मान घालून बसावं लागलंय, त्याला या गोष्टीचं मोल वेगळं सांगायला नको.

१८१६ : ती तरुण बाई

१८१६ मध्ये लाएनेक पॅरिसच्या नेकेर इस्पितळात रुजू झाले. वय पस्तीस. त्याच वर्षी एक तरुण बाई त्यांच्याकडे तपासायला आली. लक्षणं सगळी हृदयविकाराची. लाएनेक यांनी नाव कुठे लिहिलेलं नाही. लिहिलंय ते एवढंच, की बाई अंगाने बरीच स्थूल होती, त्यामुळे हात ठेवून काही लागत नव्हतं आणि बोटांनी वाजवूनही काही कळत नव्हतं. कान लावावा, तर बाई तरुण. ते शोभणारं नव्हतं.

म्हणजे बघा, त्या काळात डॉक्टरकडे जेवढी हत्यारं होती, तेवढी सगळी या एका बाईपुढे निकामी ठरली. बाईला त्रास होतोय हे दिसतंय. पण आत काय चाललंय ते कळायला रस्ता नाही. दुसरा कुणी असता तर नाडी बघून, रक्त काढून, काढा लिहून देऊन मोकळा झाला असता. त्या काळी बहुतेक डॉक्टर तेच करत. लठ्ठपणावर बोल लावून पेशंटला वाटेला लावणारेही तेव्हा होते, आताही असतात.

लाएनेक यांना एक साधी गोष्ट आठवली. लाकडाच्या लांब वाशाला एका टोकाला कान लावला आणि दुसऱ्या टोकाला कुणी टाचणीने खरवडलं, तर तो बारीकसा आवाज कानाला लख्ख ऐकू येतो. काडेपेटीचा टेलिफोन करून खेळलेल्या कुणालाही हे कळेल. पॅरिसच्या लूव्र राजवाड्याच्या आवारात मुलं असा खेळ खेळताना त्यांनी पाहिली, असंही सांगितलं जातं. पण ती गोष्ट नंतरच्या लोकांनी जोडलेली. त्यांनी स्वतः लिहिलंय ते फक्त वाशाचं आणि टाचणीचं.

त्यांनी कागदाचा एक दस्ता घेतला. घट्ट गुंडाळून त्याची सुरळी केली. एक टोक त्या बाईच्या छातीवर, हृदयाच्या जागी ठेवलं आणि दुसऱ्याला कान लावला.

ठोके ऐकू आले. नुसते ऐकू आले नाहीत, तर थेट छातीला कान लावून आजवर कधी आले नव्हते इतके स्वच्छ आले.

लाएनेक यांना त्याच क्षणी उमगलं, की हे फक्त हृदयापुरतं नाही. श्वास, आवाज, फुप्फुसातलं पाणी, छातीत जे जे हलतं आणि वाजतं ते सगळं या सुरळीतून ऐकता येईल.

चरबी आवाज का दाबते?

इथे जरा थांबून हे समजून घ्यायला हवं, कारण आजही गावोगावच्या दवाखान्यात हा प्रश्न रोजचा आहे.

हृदयाचे ठोके म्हणजे मुळात हृदयाच्या झडपा मिटण्याचे आवाज. ते काही मोठे नसतात. जाडेभरडे, खालच्या पट्टीतले असतात. ते मांसातून, बरगड्यांमधून, कातडीतून वाट काढत बाहेर येतात. मध्ये चरबीचा थर असला की दोन गोष्टी होतात. एक तर हृदय आणि कान यांच्यातलं अंतर वाढतं. दुसरं म्हणजे चरबी मऊ असल्यामुळे आवाज तिच्यात मुरतो. मोबाइलवर गाणं लावून तो गोधडीत गुंडाळून ठेवा. गाणं चालूच असतं, पण शब्द कळत नाहीत. अगदी तसंच.

त्यामुळे लठ्ठ माणसाचे ठोके मंद ऐकू आले, म्हणजे त्याचं हृदय कमजोर आहे असं नव्हे. हे आधी ध्यानात घ्या. पण उलटी बाजूही आहे आणि ती जास्त धोक्याची. झडप गळत असेल किंवा अरुंद झाली असेल, तर ठोक्यांच्या मध्ये फुसफुस असा बारीक आवाज येतो. चरबीखाली तोही दबून जातो. नळी लावली, काही वेगळं ऐकू आलं नाही, म्हणून सगळं ठीक आहे असं लठ्ठ माणसाच्या बाबतीत छातीठोकपणे सांगता येत नाही. दम लागत असेल, पाय सुजत असतील, रात्री आडवं झाल्यावर गुदमरत असेल, तर चांगले डॉक्टर नुसत्या नळीवर भागवत नाहीत. ईसीजी करतात, सोनोग्राफीसारखी हृदयाची इको तपासणी करायला पाठवतात. अर्थात इकोचाही आवाजावरच कारभार असतो, त्यामुळे चरबी तिथेही आडवी येतेच, फक्त कमी.

पुढे वाकवायचं कारण असं, की त्याने हृदय छातीच्या भिंतीजवळ येतं. डाव्या कुशीवर वळवलं तरी तसंच होतं. श्वास पूर्ण सोडला की मधली हवा कमी होते. कपड्यावरून नळी लावली तर कापड घासल्याची खरखर मध्ये येते, म्हणून चकती कातडीवर टेकवावी लागते. बायकांना याचा संकोच वाटतो आणि तो समजण्यासारखा आहे. पण साडीचा पदर, ब्लाऊज, वरून स्वेटर अशा तीन थरांवरून केलेली तपासणी ही अर्धवटच. सोबत नर्सबाई किंवा घरची बाई उभी करायला सांगावं आणि तपासणी नीट करून घ्यावी.

जाता जाता बीपीचंही. दंड जाड असेल आणि पट्टा लहान असेल, तर बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. मोठा पट्टा मागायला लाजू नये.

लेथवरचं लाकूड आणि शेळीचा आवाज

आता परत पॅरिसला. कागदाची सुरळी डिंकाने चिकटवून लाएनेक यांनी काही दिवस वापरली. मग काच, धातू, वेत, निरनिराळी लाकडं, सगळं करून बघितलं. शेवटी हलकं लाकूड उत्तम ठरलं. डॉक्टरसाहेबांनी घरात लेथ बसवला आणि स्वतःच्या हाताने नळ्या कातू लागले. साधारण एक फूट लांब, दीड इंच जाड, मधून आरपार भोक, मध्ये आट्यांनी जोडता येणारे दोन तुकडे. एका टोकाला नरसाळ्यासारखी खोलगट वाटी आणि त्यात बसणारी एक गुडदी. हृदय ऐकायचं तर गुडदी घालायची, श्वास ऐकायचा तर काढायची. एवढासा फरक पण तो त्यांनी शेकडो वेळा ऐकून ठरवला होता. ते आधी याला नुसतं नळकांडं म्हणत. मग ग्रीक भाषेतले छाती आणि पाहणे या अर्थाचे दोन शब्द जोडून नाव ठेवलं स्टेथोस्कोप.

नळी करणं सोपं होतं. खरं अवघड काम पुढचं. नळीतून आवाज येतो, पण त्या आवाजाचा अर्थ काय? त्याआधी जगात कुणीच हे आवाज इतके नीट ऐकलेले नव्हते. त्यांना नावंसुद्धा नव्हती.

लाएनेक यांनी जवळजवळ तीन वर्षं नेकेर इस्पितळातल्या खाटाखाटांवर जाऊन ऐकलं. कोणाच्या छातीत कुठे काय वाजलं ते लिहून ठेवलं. त्यातला जो पेशंट दगावे, त्याचं शव उघडून त्या जागी आत काय बिघाड होता ते बघितलं. हा आवाज आला की आत हे असतं, अशी एकेक जोडी लावत गेले. काम किचकट आणि उदासवाणंही. त्यांच्या वह्यांतली बहुतेक माणसं गरीब होती आणि बरीच क्षयाची होती.

आवाज समजावून सांगताना मात्र हा विद्वान माणूस पुस्तकी भाषेत शिरला नाही. निमोनियात फुप्फुसात येणारा आवाज कसा, तर तापल्या भांड्यात मीठ टाकल्यावर तडतडतं तसा. श्वासनळीत कफ अडकला की कसा, तर पारवा घुमतो तसा. छातीत पाणी झालेल्या माणसाला बोलायला लावलं तर नळीतून कसं ऐकू येतं, तर शेळी बें बें करते तसं. त्या शेळीच्या आवाजाला त्यांनी दिलेलं ग्रीक नाव आजही एमबीबीएसच्या पोरांना पाठ करावं लागतं. ज्याच्या दारात शेळ्या बांधलेल्या असतात त्याला हा धडा जास्त लवकर कळावा.

आणखी एक. छातीतल्या घरघरीला फ्रेंचमध्ये जो शब्द होता, तोच मरणाच्या घरघरीलाही वापरत. पेशंटने तो ऐकला तर धसकाच घ्यायचा. म्हणून पेशंटसमोर लाएनेक तो शब्द उच्चारत नसत, लॅटिन शब्द वापरत. वॉर्डात विद्यार्थ्यांना शिकवतानाही ते लॅटिनच बोलत. परदेशी विद्यार्थ्यांनाही ते समजे आणि खाटेवरच्या माणसाच्या कानावर नको ते पडत नसे.

१८१९ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. दोन जाडजूड खंड. सोबत थोडे फ्रँक जास्त दिले की खुद्द नळीही विकत मिळायची. पुस्तकात फुप्फुसाचे आजार तर होतेच, पण दारू पिऊन खराब होणाऱ्या लिव्हरच्या आजाराला सिरॉसिस हे नावही त्यांनी तिथेच दिलं. त्या लिव्हरचा पिवळट तांबूस रंग बघून ठेवलेलं ते नाव. आज खेड्यापाड्यातही तो शब्द लोकांच्या तोंडी आहे, दुर्दैवाने.

सगळ्यांनी लगेच टाळ्या वाजवल्या असं काही झालं नाही. ब्रूसे नावाचे पॅरिसमधले एक बडे डॉक्टर, जळवा लावून रक्त काढण्याचे मोठे पुरस्कर्ते, ते तर हात धुऊन मागे लागले. इंग्लंडच्या जॉन फोर्ब्स यांनी १८२१ मध्ये पुस्तक इंग्रजीत आणलं, पण हे यंत्र सगळीकडे वापरात येईल यावर खुद्द त्यांचाच विश्वास नव्हता. मोठा डॉक्टर लाकडी नळी छातीला लावून गंभीरपणे ऐकत बसलाय, हे दृश्यच तेव्हा लोकांना हसू आणणारं होतं.

आणि लाएनेक यांचं सगळंच बरोबर होतं असंही नाही. हृदयाचा लब्-डब् हा जो दुहेरी ठोका आहे, त्यातला दुसरा आवाज हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या आकुंचनाचा, असं ते समजत होते. ते चुकलं. तो झडपा मिटण्याचा आवाज आहे, हे त्यांच्यानंतर स्पष्ट झालं. फुप्फुसाच्या बाबतीत त्यांचा कान जेवढा पक्का होता, तेवढा हृदयाच्या बाबतीत नव्हता. नळी जन्मली हृदय ऐकायला आणि मोठी झाली फुप्फुसं ऐकून, असंच म्हणावं लागेल.

गावाकडे परत

पुस्तकाच्या कामाने शरीर पार मोडलं. पुस्तक छापून झालं आणि लाएनेक पॅरिस सोडून ब्रिटनीला निघून गेले. समुद्राकाठी दुआर्नने गावाजवळ केर्लुआर्नेक इथे त्यांची थोडी जमीन आणि घर होतं. तिथे ते शेती बघायचे, शिकारीला जायचे, गावकऱ्यांशी ब्रेटन बोलीत गप्पा मारायचे, आल्यागेल्या आजाऱ्याला तपासायचे. तब्येत सुधारली. पण १८२१ मध्ये पुन्हा पॅरिसला गेले. मग मानमरातब आले. १८२२ मध्ये कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक झाले, पुढच्या वर्षी शारिते इस्पितळात शिकवू लागले. देशोदेशीचे तरुण डॉक्टर त्यांच्यामागून वॉर्डात फिरू लागले आणि आपापल्या देशी नळी घेऊन गेले. १८२४ च्या डिसेंबरात त्यांनी जॅकलिन आर्गू या विधवा बाईशी लग्न केलं. त्या आधी त्यांचं घर सांभाळत होत्या. लोक कुजबुजले. कुजबुजू देत.

आजच्या दोन कानांच्या नळीपर्यंत लाएनेक पोचले नाहीत. ती आली १८५० नंतर, आयर्लंड आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या हातून. त्यांची नळी शेवटपर्यंत एका कानाचीच राहिली.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती लिहिता लिहिता खोकला वाढला. ताप येऊ लागला, वजन उतरू लागलं. १८२६ च्या उन्हाळ्याआधी पुस्तक हातावेगळं करून ते बायकोसह ब्रिटनीला निघाले. या वेळी हवापालट लागू पडला नाही.

लाएनेक घराण्यातलाच मेरियादेक नावाचा तरुण डॉक्टर त्यांच्याकडे शिकला होता. त्याला त्यांनी आपल्या छातीला नळी लावायला सांगितलं आणि जे ऐकू येईल ते सांगायला सांगितलं. त्याने ऐकलं, सांगितलं. त्या आवाजाचा अर्थ काय होतो, हे जगात लाएनेक यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनीच तर त्या आवाजाला नाव दिलं होतं. नेकेरच्या खाटांवर शेकडो गरिबांच्या छातीत त्यांनी तो ऐकला होता आणि नंतर त्या छात्या उघडून बघितल्या होत्या.

१३ ऑगस्ट १८२६ रोजी केर्लुआर्नेकच्या घरात ते वारले. वय पंचेचाळीस. सांगतात की शेवटच्या दिवशी त्यांनी बोटातल्या अंगठ्या स्वतःच काढून ठेवल्या, मागाहून ते काम दुसऱ्या कुणाला करावं लागू नये म्हणून.

मृत्युपत्रात त्यांनी मेरियादेकला आपलं घड्याळ आणि अंगठी दिली. आणि हाताने कातलेली ती लाकडी नळीही दिली. आपल्या ठेव्यातली सर्वांत मोलाची वस्तू हीच, असं त्यांनी त्यात नोंदवून ठेवलं होतं.